जुना कम्प्युटर विकण्याआधी एवढं करा: डिलीट केलेलं पुसलं जात नाही

धर्माबादच्या बाजारात लाल मिरचीचा हंगाम सुरू झाला की आडतीच्या दुकानांतले कम्प्युटर दिवसभर बंद होत नाहीत. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांतही तीच गत. कधी पीकविमा, कधी स्कॉलरशिप, कधी लाडकी बहीण, कधी हजचा अर्ज. घरोघरीही एखादा जुना कम्प्युटर असतोच. कुणी मुलीच्या बारावीला घेतलेला, कुणी सौदीतल्या भावाशी व्हिडिओवर बोलण्यासाठी घेतलेला.

आता यातले बरेच कम्प्युटर बदलायला आलेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत अपडेट देणं थांबवलं. काही अटींवर घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते, पण तीही संपणारच. विंडोज ११ घ्यायचं तर साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. म्हणून ‘जुना द्या, नवा घ्या’ असा सौदा होतो. दुकानदार जुन्या मशीनचे हजार-दोन हजार धरतो आणि आपण खूश होऊन घरी येतो.

पण त्या हजार-दोन हजारांत आपण नक्की काय दिलं? डबा, मॉनिटर आणि कीबोर्ड तर दिलाच. पण त्याच्यासोबत दहा वर्षांचं घरही दिलं. हे कसं, आणि ते वाचवायचं कसं, हे समजून घेऊ. यात कुठलंही मोठं तंत्रज्ञान नाही. दहावीतला मुलगाही हे करू शकतो.

त्या डब्यात असतं तरी काय?

समजा एक साधं कुटुंब आहे. अब्बा आडतीवर हिशेब लिहितात, अम्मी घर सांभाळतात, मोठी मुलगी नांदेडला शिकते, धाकटा नववीत आहे. त्यांच्या कम्प्युटरचा ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडला तर काय सापडेल?

सगळ्यांची आधार कार्डं. पॅन कार्ड. बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. रेशन कार्ड. सातबारा आणि आठ अ. मुलीची टीसी, बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला. दादा-दादींच्या हजच्या वेळी स्कॅन केलेले पासपोर्ट. मामूंच्या व्हिसाची प्रत. निकाहनामा. एखाद्या रिश्त्यासाठी पाठवलेला मुलीचा बायोडाटा, फोटोसकट. शादीचा अख्खा अल्बम. दवाखान्याचे रिपोर्ट.

हे झालं समोर दिसणारं. न दिसणारं वेगळंच. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, उघडं राहिलेलं जीमेल, फोनशी जोडलेलं व्हॉट्सअ‍ॅप, कुठल्या साइटवर काय शोधलं त्याची यादी. घरच्या कम्प्युटरला बहुतेक जण पासवर्ड लावत नाहीत. त्यामुळे मशीन चालू करणाऱ्याला हे सगळं आयतं मिळतं.

एक उदाहरण पाहा. आधारच्या वेबसाइटवरून उतरवलेल्या ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो. तो म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. आता त्याच फोल्डरमध्ये त्याच मुलाची टीसी असेल तर नाव आणि जन्मतारीख दोन्ही शेजारीच आहेत. म्हणजे कुलूप लावलं, पण चावी दारातच टांगली.

डिलीट म्हणजे पुसणं नव्हे

‘आम्ही सगळं डिलीट करून दिलं’ असं बहुतेक जण सांगतात, आणि ते खरंही असतं. पण डिलीट केल्यावर कम्प्युटरच्या आत काय होतं ते बघू.

पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते. कोणता धडा कोणत्या पानावर, ते तिथे लिहिलेलं असतं. हार्ड डिस्कमध्येही तशीच एक यादी असते. फाइल डिलीट केली की ती आधी रीसायकल बिनमध्ये जाते. तिथूनही काढली की यादीतली तिची नोंद रद्द होते आणि ‘ही जागा आता रिकामी समजा’ एवढीच खूण होते. जुन्या हार्ड डिस्कवर धडा जिथल्या तिथेच राहतो. पुढे कधी तरी दुसरी फाइल त्याच जागेवर लिहिली गेली तरच तो खरा जातो. फुकट मिळणारी रिकव्हरीची सॉफ्टवेअर हेच करतात. यादी सोडून ते थेट पानं चाळतात.

‘फॉरमॅट मारून दिला’ हेही पुरेसं नाही. क्विक फॉरमॅट म्हणजे अख्खी अनुक्रमणिका फाडणं, धडे तसेच. पूर्ण फॉरमॅट मात्र वेगळा. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट करताना डिस्कवर सगळीकडे शून्य लिहिली जातात. पण त्याला काही तास लागतात. दुकानात गर्दी असताना दोन मिनिटांत जो फॉरमॅट होतो तो क्विकच असतो, हे ओळखा.

ही काही कागदावरची भीती नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या दोन संशोधकांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या. बाकीच्यांत हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक, दवाखान्यांची माहिती, खासगी पत्रं सापडली. एक डिस्क तर बँकेच्या एटीएम मशीनमधली दिसत होती. आधीच्या मालकांपैकी अनेकांना आपण सगळं पुसलं असंच वाटत होतं.

बिघडलं तर काय बिघडतं?

पहिला धोका पैशाचा आणि नावाचा. आधार, पॅन, फोटो आणि सही एकत्र मिळाली की कुणी तुमच्या नावावर सिम घेऊ शकतं, ऑनलाइन कर्ज उचलू शकतं, फसवणुकीसाठी बँक खातं उघडू शकतं. मग वसुलीवाल्याचा फोन किंवा पोलिसांची नोटीस तुमच्या दारी येते, आणि ‘तो मी नव्हेच’ हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं.

दुसरा धोका घरातल्या बायका-मुलींच्या फोटोंचा. जानेवारी २००८ मध्ये हाँगकाँगमधल्या एका नामवंत अभिनेत्याचे खासगी फोटो इंटरनेटवर पसरले. त्याने लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता आणि फोटो तिथूनच कॉपी झाले होते. तंत्रज्ञाला पुढे शिक्षा झाली. पण जे भोगायचं ते फोटोंमधल्या महिलांनी भोगलं.

आपल्याकडे १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ प्रकरण उघडकीला आलं. शंभराहून अधिक मुस्लिम महिलांचे फोटो एका अ‍ॅपवर टाकून त्यांच्या ‘लिलावा’चा घाणेरडा खेळ मांडला गेला. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांत अटका केल्या. ते फोटो जुन्या कम्प्युटरमधून नव्हे, सोशल मीडियावरून उचलले होते, हे स्पष्ट सांगायला हवं. पण त्यातून एक गोष्ट कळली. कुणाच्या हातात साधा, नीटनेटका फोटो पडला तरी त्याचं काय होईल हे आपल्या हातात राहत नाही. सोशल मीडियावर फोटो न टाकणाऱ्या घराचेही शेकडो फोटो जुन्या हार्ड डिस्कवर असतात. आणि आता तर फोटोवरून खोटा व्हिडिओ बनवायला फार काही लागत नाही.

इथे दुरुस्तीवाल्यांवर किंवा भंगाराच्या धंद्यातल्या भावांवर बोट ठेवायचं नाही. त्यांतले कितीतरी आपल्याच मोहल्ल्यातले आहेत आणि इमानदारीने पोट भरतात. पण धर्माबादसारख्या सीमेवरच्या गावातून निघालेलं मशीन नांदेडला जाईल, निजामाबादला जाईल की हैदराबादला, हे पहिल्या दुकानदारालाही माहीत नसतं. चार हात बदलले की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. ती मुळात आपलीच आहे.

पहिलं काम: हवं ते काढून घ्या

पुसण्याच्या घाईत लोक एक वेगळीच चूक करतात. हवं तेही पुसून बसतात. मरहूम दादांचा आवाज असलेली एकुलती एक क्लिप गेली की ती परत येत नाही. म्हणून आधी बॅकअप.

महत्त्वाच्या फाइल दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. गुगल १५ जीबी जागा मोफत देतं. कागदपत्रांना ती भरपूर होते, फोटोंना कमी पडते. पेन ड्राइव्हवर एकटी प्रत ठेवू नका, तो हरवतो आणि बिघडतोही.

फक्त ‘माय डॉक्युमेंट्स’ बघून थांबू नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्हही बघा. आपल्याकडे फोटो हमखास डी ड्राइव्हवर असतात. त्याशिवाय या गोष्टी विसरल्या जातात:

– इनपेजमध्ये टाइप केलेल्या उर्दू फाइल. मदरशाचे पेपर, शादीचे रुक्के, मस्जिदीच्या जाहिराती. नव्या मशीनवर इनपेज नसेल तर त्या उघडणार नाहीत. म्हणून जुन्या मशीनवरच त्यांची पीडीएफही करून ठेवा. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइलचंही तेच.

– टॅलीचा डेटा. आडत दुकानवाल्यांनी टॅलीमधूनच बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघावा. फॉरमॅटच्या आधी टॅलीचं लायसन्स ‘सरेंडर’ करायला विसरू नका, नाहीतर नव्या मशीनवर ते चालू करताना अडचण येते.

– ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, प्रिंटर-स्कॅनरचे स्कॅन ज्या फोल्डरमध्ये जातात तो फोल्डर.

– डिजिटल सहीचं टोकन मशीनला लावलेलं असेल तर ते काढून घ्या. सीडी ड्राइव्हमध्ये अडकलेली सीडी आणि कार्ड रीडरमधलं मेमरी कार्डही.

कॉपी झाली की नव्या मशीनवर दहा-वीस फाइल उघडून बघा. नुसती नावं दिसतात म्हणून विश्वास ठेवू नका.

दुसरं काम: सगळीकडून बाहेर पडा

जुन्या मशीनवर जीमेल, फेसबुक, बँक, जिथे जिथे लॉगिन आहे तिथून साइन आउट करा. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड काढून टाका.

फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जा आणि जुना कम्प्युटर लॉग आउट करा. गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युवर डिव्हाइसेस’ असं दिसतं. तिथूनही जुनं मशीन काढा. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर त्याच्या साइटवरही जुन्या कम्प्युटरचं नाव काढता येतं. लॅपटॉपला बायोसचा पासवर्ड लावला असेल तर तो काढा, नाहीतर घेणाऱ्याला ते मशीन निकामी होईल.

तिसरं काम: खरं पुसणं

इथे आधी एक गोष्ट बघायची. आत जुनी हार्ड डिस्क आहे की एसएसडी? विंडोज १० मध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडलं की ‘मीडिया टाइप’मध्ये ते लिहून येतं. साधारण ओळख अशी, की २०१५ च्या आसपासचे स्वस्त डेस्कटॉप बहुतेक हार्ड डिस्कचे. मशीन जलद सुरू होत असेल आणि आतून घरघर येत नसेल तर एसएसडी.

दोन्हीत फरक काय? हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. एका जागेवर नवं लिहिलं की जुनं गेलं. एसएसडीमध्ये चिप असतात. एकच जागा सतत वापरून झिजू नये म्हणून ती आतल्या आत जागा बदलत राहते. तुम्ही वरून लिहिलं तरी ते दुसऱ्याच कप्प्यात जाऊ शकतं आणि जुनं मागे राहू शकतं. म्हणून ‘वरून लिहून पुसायची’ जुनी पद्धत एसएसडीवर भरवशाची नाही.

विंडोज १० किंवा ११ असेल तर सोपा रस्ता असा. सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’त जा. तिथे ‘रीसेट धिस पीसी’ आहे. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. पण इथे थांबू नका. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’ असं छोट्या अक्षरात येतं, ते दाबा. ‘क्लीन डेटा’ला ‘यस’ करा. ‘डिलीट फाइल्स फ्रॉम ऑल ड्राइव्ह्ज’ असं विचारलं तर तेही ‘यस’ करा. हे दुसरं केलं नाही तर फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो आणि शादीचे फोटो असलेला डी ड्राइव्ह तसाच दुकानात जातो. बाहेरची बॅकअपची डिस्क मात्र आधी काढून ठेवा, नाहीतर तीही यात सापडेल.

याला काही तास लागतात. लाईट जायची भीती असेल तर इन्व्हर्टरवर लावा, लॅपटॉपचा चार्जर काढू नका. रात्री लावून झोपलात तरी चालेल. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते की ही सोय घरगुती वापरासाठी आहे, सरकारी किंवा औद्योगिक मानकांइतकी कडक नाही. घरच्या कम्प्युटरला ती चालते.

एसएसडी असेल तर त्याआधी एक पायरी वाढवा. अख्ख्या ड्राइव्हला एन्क्रिप्शन लावा. विंडोज प्रोमध्ये ‘बिटलॉकर’ असतं, होममध्ये काही मशीनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं, नसेल तर ‘व्हेराक्रिप्ट’ मोफत मिळतं. एन्क्रिप्शन म्हणजे सगळी माहिती अशा गुप्त लिपीत बदलणं, की चावीशिवाय वाचताच येत नाही. त्यानंतर रीसेट केलं की चावीही पुसली जाते. मागे एखादा तुकडा राहिला तरी तो निव्वळ कचरा. शक्य असेल तर एसएसडीच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर उतरवून त्यातलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा, ते सर्वात चांगलं.

विंडोज ७ चं जुनं मशीन असेल तर त्यात रीसेटची सोय नाही. अशा हार्ड डिस्कसाठी ‘डीबॅन’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. पेन ड्राइव्ह किंवा सीडीवरून मशीन सुरू करून ते अख्खी डिस्क पुसतं, विंडोजसकट. लक्षात ठेवा, डीबॅन हार्ड डिस्कसाठी आहे, एसएसडीसाठी नाही. विंडोज ठेवूनच मशीन द्यायचं असेल तर आधी सगळ्या फाइल डिलीट करा, रीसायकल बिन रिकामा करा आणि मग ‘सायफर’ ही विंडोजमधलीच कमांड चालवा. ती रिकाम्या जागेवर नव्याने लिहून जुनं झाकते. कमांडच्या खिडकीत ‘सायफर’, जागा सोडून ‘स्लॅश डब्ल्यू’, मग ‘कोलन’ आणि ड्राइव्हचं अक्षर, असं इंग्रजीत लिहायचं. सी आणि डी दोन्हींसाठी वेगवेगळं.

किती वेळा पुसायचं? ‘सात वेळा’, ‘पस्तीस वेळा’ असं ऐकू येतं. ते जुन्या काळचं. अमेरिकेतली एनआयएसटी ही मानकं ठरवणारी संस्था सांगते की आजच्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण लिहिलं तरी पुरे.

मशीन चालूच होत नसेल तर?

इथेच जास्त लोक फसतात. ‘बंद पडलाय, त्यात काय उरलंय’ म्हणून भंगारात देतात. पण बंद पडतो तो बहुधा मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय. हार्ड डिस्क ठणठणीत असते आणि दुसऱ्या मशीनला जोडली की लगेच चालते.

म्हणून बंद मशीनमधून डिस्क काढून घ्या. डेस्कटॉपची बाजूची प्लेट उघडली की चार स्क्रू आणि दोन केबल, एवढंच काम. स्वतःला जमत नसेल तर दुकानदाराला समोर काढायला सांगा. डिस्क काढली म्हणून भंगाराच्या भावात फार फरक पडत नाही.

काढलेली डिस्क चांगली असेल तर काही शे रुपयांत तिचं बाहेरचं कव्हर मिळतं. ते घातलं की तीच डिस्क घरची बॅकअप डिस्क होते. खराब असेल आणि टाकूनच द्यायची असेल तर ड्रिलने तबकडीच्या आरपार तीन-चार भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी अनेकदा काचेची असते, किरच्या उडतात, तेव्हा डोळ्यांना चष्मा लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. एसएसडीची प्रत्येक चिप फुटायला हवी, नुसतं वाकवून चालत नाही. आणि काहीही झालं तरी जाळू नका, त्या धुराने फुप्फुसं खराब होतात. लॅपटॉपच्या बॅटरीला तर खिळा लावूच नका, ती पेट घेते.

सेतू, शाळा, मदरसा, मस्जिद कमिटी

घरच्या मशीनमध्ये एका घराची माहिती असते. फॉर्म भरून देणाऱ्या केंद्राच्या मशीनमध्ये अख्ख्या गावाची असते. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे अर्ज भरताना किती बायकांची आधार कार्डं आणि पासबुकं त्या मशीनमध्ये गेली असतील, विचार करा. शाळेच्या मशीनमध्ये मुलामुलींचे फोटो आणि जन्मतारखा. मदरशाच्या मशीनमध्ये तालिबे इल्मच्या घरचे पत्ते आणि चंदा देणाऱ्यांची यादी. २०२५ मध्ये वक्फच्या मालमत्तांची कागदपत्रं ‘उमीद’ पोर्टलवर चढवताना अनेक मुतवल्लींनी जुने दस्त स्कॅन केले, ते स्कॅनही कुठल्या तरी मशीनवर पडून आहेत.

हे सगळं दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर अमानत आहे. आणि आता कायद्याच्या भाषेतही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. घरच्या खासगी वापराला हा कायदा लागत नाही. पण लोकांची माहिती घेऊन काम करणाऱ्यांना लागतो. काम संपलं आणि दुसरा कायदा ती ठेवायला सांगत नसेल तर माहिती पुसावी लागते. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. छोट्या केंद्राला कुणी एवढा दंड लावणार नाही, पण जबाबदारी कुणाची हे कायद्याने सांगितलं आहे.

मोठेही यात चुकतात. मॉर्गन स्टॅन्ली ही अमेरिकेतली बडी वित्तसंस्था. तिने जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क हलवण्याचं काम अशा कंपनीला दिलं जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकाने ३ कोटी ५० लाख डॉलरचा दंड केला.

म्हणून केंद्रवाल्यांनी एक साधी वही ठेवावी. कोणतं मशीन, सिरियल नंबर काय, कधी पुसलं, कुणी पुसलं, कुणाला दिलं. आणि एक गोष्ट विसरू नका, मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही हार्ड डिस्क असू शकते. अमेरिकेतल्या एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याची झेरॉक्स मशीनं न पुसता परत केली होती. त्यापायी तिला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरहून जास्त भरावे लागले. मशीन परत देताना किंवा विकताना आतली मेमरी पुसून द्यायला सांगा.

भंगारात देताना

कम्प्युटर हा साधा भंगार नाही. जुन्या जाड मॉनिटरमध्ये शिसं असतं, बोर्डावर इतर विषारी धातू. तांब्यासाठी वायर जाळणारा आणि सोन्यासाठी तेजाबात बोर्ड बुडवणारा मजूर ते विष रोज श्वासात घेतो, आणि तो मजूर अनेकदा गरीब घरातला कोवळा पोरगा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हा माल नोंदणीकृत रीसायकलरकडे जायला हवा आणि त्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवरही आहे. कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारा, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर अशा केंद्रांची नावं बघा. मोहल्ल्यातल्या पाच-दहा घरांनी मिळून माल गोळा केला तर नांदेडपर्यंत नेणं परवडतं.

मशीन चालू स्थितीत विकताय? मग साध्या कागदावर चिठ्ठी करा. तारीख, सिरियल नंबर, घेणाऱ्याची सही. उद्या त्या मशीनवरून कुणी काही उद्योग केला तर तुमच्या हातात पुरावा राहील.

आधीच देऊन बसलात?

घाबरू नका, पण आजच हे करा. जीमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. गुगलमधून जुनं मशीन साइन आउट करा. आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा. यापुढे जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच तक्रार करा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तुमचा अहवाल मोफत मिळतो, त्यात न घेतलेलं कर्ज दिसतं का तपासा. पैशाची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितका पैसा हातातून निसटतो. फोटोंवरून कुणी धमकावत असेल तर मुलीला गप्प बसवू नका, तिच्यावर ओरडू नका. पुरावे जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं आणि परवानगीशिवाय खासगी फोटो पसरवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हे आहेत, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि जुनं मशीन विकत घेणाऱ्यांनो

आपल्यातल्या कितीतरी मुलांचं शिक्षण सेकंड हँड लॅपटॉपवरच झालंय, यात कमीपणा काही नाही. फक्त घेताना पावती मागा, चोरीचा माल निघाला तर तीच वाचवते. घरी आणल्यावर त्यात दुसऱ्या कुणाचे फोटो किंवा कागद दिसले तर उघडून बघत बसू नका, कुणाला दाखवू नका. शक्य असेल तर मालकाला किंवा दुकानदाराला कळवा आणि मशीन पुसून नव्याने विंडोज टाका.

दुकानदार भावांनाही एक सुचवावंसं वाटतं. जुनं मशीन घेताना ‘तुमच्या समोर पुसून देतो’ अशी पाटी लावा. थोडे पैसे घ्या, चिठ्ठी द्या. गिऱ्हाईक वाढेल, आणि पुढे काही निघालं तर तुमच्यावरही बालंट येणार नाही.

येत्या रविवारी घरातल्या मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन कोपऱ्यातला तो जुना डबा उघडा. आधी फोटो काढून घ्या, मग पुसायला लावा. तो विकायचा की भाच्याला द्यायचा, ते त्यानंतर ठरवा.